समाधीची मागची बाजू

येडशीच्या घाटात रुळाच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं उभी होती. बर्फाच्या मुलखात असतात तसली, निमुळती, काळपट हिरवी. त्यांच्यामध्ये लाल कौलांचं एक घर आणि घराला धुराडं. मी गाडी तिथंच थांबवली आणि एक शिवी दिली.

गाडी खरी नव्हती. संगणकावर रेल्वे चालवायचा खेळ असतो, त्यातली होती. खेळ म्हणायचं, पण त्यात हारजीत काही नाही. इंजिनात बसायचं, सिग्नल बघायचे, वेग सांभाळायचा आणि गाडी स्टेशनात नीट उभी करायची. खेळाबरोबर परदेशातले मार्ग मिळतात. आपल्याकडचे मार्ग हौशी लोक घरी बसून तयार करतात आणि फुकट वाटतात. कुर्डूवाडीहून लातूरकडे जाणारा आमचा मार्ग असाच कुणीतरी केला होता. रूळ बरोबर, वळणं बरोबर, स्टेशनांच्या पाट्या बरोबर. बाजूचं सगळं परक्याचं.

माझा धंदा धाराशिवला जुन्या सामानाचा आहे. घर पाडायला निघालं की मी आधी जाऊन उभा राहतो. सागाच्या चौकटी, दारं, वासे, पत्रे, खिडक्यांचे गज असं सगळं उचलतो आणि विकतो. हातगाडीपासून सुरुवात केली. आज स्वतःचं गोडाऊन आहे आणि ते मला कुणी दिलेलं नाही. मध्यंतरी चौकटींचा ढीग पायावर आला आणि मी घरात पडून राहिलो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, तिचा संगणक मागं राहिला होता. त्यावर जावयानं हा खेळ घालून दिला, सासऱ्यानं घरातल्यांवर ओरडू नये म्हणून.

मार्ग करणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. त्याचा म्होरक्या बँकेत नोकरी करणारा, माझ्या जावयाच्या वयाचा. मी त्याला फोन लावला.

"येडशीला पाइन कुणी लावलं?"

"काका, खेळात आयती तीच झाडं मिळतात. बाभळ कुणी केलेलीच नाही."

"मग काही लावू नका. उघडं माळरान तरी खरं आहे."

"तुम्हीच करून द्या ना बाभळ," तो हसत म्हणाला.

माझ्याशी कुणी हसत बोललं की मला ते काम करावंच लागतं. मी ते शिकलो. खेळातलं साधं झाड म्हणजे एकमेकांत घुसवलेले दोन सपाट फोटो. घर म्हणजे रिकामं खोकं, त्याला चारी बाजूंनी खऱ्या भिंतींचे फोटो चिकटवायचे. फोटो जितका खरा तितकं घर खरं. काठी टेकत मी बाहेर पडायला लागलो आणि बाभळीचे, लिंबाचे, कडब्याच्या गंजीचे, विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपटाचे फोटो काढायला लागलो. गंजलेला पत्रा हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पावसानं गंजलेला वेगळा, खताच्या पोत्यांनी गंजलेला वेगळा. गटातल्या पोरांनी सगळ्या पत्र्यांना एकच तपकिरी रंग फासला होता.

"आयुष्यभर लोकांची घरं मोडून आणली," बायको म्हणाली, "आता म्हातारपणी बांधताय व्हय?"

"गप बस," मी म्हणालो. पण बोलली ते खोटं नव्हतं.

म्होरक्याशी मी सौदा केला. ज्या स्टेशनाची झाडं मी देईन, तिथलं परकं झाड एकही ठेवायचं नाही. आणि जे आज तिथं उभं नाही ते मार्गात घालायचं नाही, कुणाची कितीही हौस असली तरी. त्यानं दोन्ही मान्य केलं. येडशीचं पाइन गेलं, धुराडंही गेलं. दुसरी अट मी घातली होती, हे पुढं माझ्यावरच आलं.

सोलापूरहून तुळजापूरवरून धाराशिवला येणारी नवी लाइन होते आहे. तिचे भराव दिसायला लागले तेव्हा गटानं ठरवलं, खरी गाडी धावायच्या आधी आपली पळवायची. भाग वाटून घेतले. तुळजापूरच्या पुढचा, आमच्या गावाजवळचा भाग मी मागून घेतला. का ते सांगितलं नाही. सौद्यात कारण सांगायचं नसतं.

इथं सांगतो. आमचं रान त्या लाइनीत गेलं. सगळं नाही, मधून एक पट्टा गेला. त्या पट्ट्यात अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची समाधी होती.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, त्याचं गळ्यातलं इष्टलिंग त्याच्याच हातात देऊन, विभूती आणि बेल घालून, आणि जमलं तर त्याच्याच रानात. वर चौथरा बांधतात. अप्पांच्या चौथऱ्यावर लहानशी पिंड आणि नंदी होता. समोर त्यांच्या नावाची फरशी होती, ती मी सोलापूरहून आणलेली. भराव थोडा सरकवा, नाहीतर समाधीच्या कडेनं भिंत घाला, असं म्हणत मी कचेरीत चकरा मारत होतो. ते नाही म्हणत होते. पण पहिलं नाही हे काही नाही नसतं. मी थांबून होतो. दोघं ओढत असताना जो आधी हलतो तो जातो, एवढं मला हातगाडीनं शिकवलं आहे.

आमचे अण्णा हलले. थोरले भाऊ, रान तेच बघतात. एक दिवस जंगम स्वामींना बोलावून त्यांनी समाधी उकरली आणि रानाच्या उरलेल्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा बांधली. मला हे कुणाकडून कळलं? गावातला एकजण लाइनीत गेलेल्या खोपटाचे पत्रे विकायला माझ्याकडं आला होता, त्याच्याकडून. पत्र्यांचा भाव चालला होता. मध्येच तो म्हणाला, "तुमचे अप्पा पण हालले की." मी पत्रे घेतले नाहीत. त्यानंतर गावाला गेलो नाही आणि नवी समाधी बघितली नाही.

माझा भाग करायला बसलो तेव्हा पहिलं काम तेच केलं. आकाशातून काढलेले जमिनीचे फोटो संगणकावर मिळतात, जुन्या वर्षांचेही मिळतात. भराव नव्हता तेव्हाचा फोटो शोधून काढला. काळ्या रानात पांढरा ठिपका दिसला. अप्पा. त्या ठिपक्यावर मी घराचंच एक कोरं पांढरं खोकं बसवलं, नुसतं जागा धरून ठेवायला, जशी एसटीत रुमाल टाकून धरतात. मग आजचा भराव आणि वरचे रूळ मांडले. खेळात जमीन उचलली की तिच्यावरचं खोकंही बरोबर वर येतं. रूळ बरोबर खोक्यातून गेले.

खेळातली गाडी कशाला धडकत नाही. रुळावर घर ठेवलं तर घरातून जाते. मी तुळजापूरहून गाडी सोडली आणि हळूहळू आणली. समोर पांढरं खोकं मोठं होत गेलं. इंजिन आत शिरलं तेव्हा वाटलं होतं आत अंधार होईल. तसं होत नाही. असल्या खोक्याला फक्त बाहेरची बाजू असते. आत गेलं की भिंती दिसतच नाहीत. समोर सरळ रूळ, सोयाबीन, आभाळ. आत काही म्हणजे काहीच नव्हतं. मी गाडी मागं घेऊन पुन्हा नेली, तेच झालं.

गटात माझा भाग पाठवल्यावर म्होरक्याचा फोन आला.

"काका, रुळावर काहीतरी पांढरं राहिलंय. चुकून राहिलं का?"

"चुकून नाही. समाधी आहे."

"आज आहे तिथं?"

"होती."

"काका," तो म्हणाला, "आज नाही ते ठेवायचं नाही, हे तुमचंच. तेवढ्यावरून तुम्ही बार्शीतल्या एकानं मांडलेली अख्खी जुनी, बंद पडलेली छोटी रेल्वे काढायला लावलीत. त्यानं नंतर गट सोडला."

माझं डोकं फिरलं. "मग माझ्या बाभळी काढून घेतो. लिंब, गंजी, पत्रे, सगळं. लावा परत पाइन."

तो चिडला नाही. सौद्यात जो चिडत नाही त्याला मी मानतो. मग सावकाश म्हणाला, "कुणाची आहे?"

"वडलांची."

"बरं. असं करू. रुळाच्या बाहेर सरकवा, भरावाच्या पायथ्याला. मी कुणाला विचारू देणार नाही. पण फोटो लागतील, चारी बाजूंचे. तो नियम मलाही मोडता येत नाही. आणि मागची बाजू नीट करा, गाडीतून तीच दिसणार आहे."

खरं होतं. समाधीचं तोंड गावाच्या वाटेकडं. वाटेच्या अंगाला सरकवली तर गाडीतल्या माणसाला पाठच दिसणार. सरकवा हा शब्द मला टोचला, पण ऐकून घेतलं. रुळाखाली ठेवण्यापेक्षा बरं, असं मनाशी म्हणालो. अण्णांनीही बहुतेक हेच म्हटलं असेल, हे तेव्हा मनात आलं आणि आणखीच राग आला.

घरातले सगळे फोटो बाहेर काढले. पुण्यतिथीचे, श्रावणातले, लेकीच्या लग्नानंतर नवरानवरी पाया पडायला गेली तेव्हाचे. सगळे समोरून. समोर माणसं दाटीनं उभी, त्यांच्या खांद्यावरून नंदीची शिंगं दिसतात. दोन्ही कडा तुकड्यातुकड्यांनी जुळवता आल्या. मागची बाजू एकाही फोटोत नाही. देवाच्या, समाधीच्या मागं उभं राहून फोटो कोण काढतं? आठवून बघितलं, तर आठवेना. चुना होता का, भेग होती का, काहीच नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मागं मी कशाला जाईन? मागं बोअर होता."

म्हणजे माणूस एकच उरला. दर वर्षी चुना अण्णाच लावायचे.

गावाला गेलो. एसटीतून उतरून पाय ओढत घराशी आलो तर वहिनी दारात तूर पाखडत होती. सूप थांबलं.

"या भावजी. वाट चुकला व्हय?"

"अण्णा आहेत का?"

"हायत की. पळून जायला त्यांना तुमच्यावानी शहर न्हाय."

अण्णा पडवीत ठिबकची नळी जोडत बसले होते. माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, परत नळीकडं. "बस तम्मा," म्हणाले. आमच्याकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

मी बसलो नाही. "अप्पांच्या समाधीची मागची बाजू कशी होती?"

"कशापायी?"

"पाहिजे."

"कोर्टात देतो का काय?"

"चित्र करायचंय. संगणकावर."

वहिनीनं दारातून ऐकलं. "दारं-खिडक्या संपल्या वाटतं इकून."

अण्णा हसले नाहीत. नळीत फुंकर मारून बघत म्हणाले, "मागं पेटी हुती."

"कसली पेटी?"

"मोटारीची. स्टार्टर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "बापाच्या पाठीला स्टार्टर ठोकलात?"

"तितं सावली हुती. पाऊस समूरनं येतोय, मागं लागत न्हाय. डांबावरनं वायर बी जवळ पडायची. आनि बोअर कुनी पाडला? अप्पांनीच. त्यांच्या बोअरची पेटी त्यांच्या पाठीला. त्यांना काय वझं झालं?"

"मला कधी बोलला नाहीत."

"तू समूरनं यायचास. हार घालायचास, फोटू काढायचास, गाडी धरायचास. मागं कवा आलास? सांगायला मानूस मागं तर याया पायजे."

यावर मला बोलता आलं असतं. ती फरशी कुणी आणली, सिमेंट कुणाच्या ओळखीनं आलं, हे सगळं काढता आलं असतं. पण मी ज्यासाठी इतके दिवस धुमसत होतो तेच बाहेर आलं.

"आणि हलवताना? तेव्हा तरी बोलवायचं."

"फोन केलता."

"कशासाठी केलाय ते सांगितलं नाहीत."

"उचललास तर सांगनार ना. तू त्या टायमाला कुनाचंच उचलत नव्हतास. मशीन बांधावर हुभं. डायवर बिचारा म्हणला, काका, दुपारपतोर थांबतो, मग माझं मलाबी वर सांगावं लागतंय."

"फोन उचलला नाही म्हणून बाप हलवायचा? माणूस पाठवायचा. मी भिंत घालून घेत होतो तिथं."

"कुटली भिंत?" अण्णांनी नळी खाली ठेवली. "तम्मा, त्यांनी आखनी कवाच केलती. तू एकलाच बोलत हुतास भिंतीचं. तितं पलीकडं कुनी न्हवतं."

त्यांनी नळी परत हातात घेतली.

मग अण्णा आपणहून सांगायला लागले, माझ्याकडं न बघता. "सोमी म्हणले, वरची मूठभर माती घ्या, बास हाय, शास्त्राला चालतंय. म्या म्हणलं न्हाय. नुसती माती न्हेऊन अप्पा न्हेले कसं म्हणू? उतरलो. टिकाव न्हाय घेतला, खुरप्यानं उकरलं. हाताला लागस्तवर."

"काय लागलं?"

"लिंग." नळीचं टोक पुसत म्हणाले, "हातात दिलतं ना आपन त्यांच्या. लिंग हुतं. हात न्हवता."

वहिनी उठून आत गेली.

मी काठी घेतली. अण्णा मागून म्हणाले, "नवी हाय तितं. बग जाऊन. फोटू काढ. आता तरी चारी बाजूनं काढ."

रान लांब नाही, पण पायामुळं वेळ लागला. भराव आमच्या रानाला मधून कापून गेला आहे, माणसाच्या दुप्पट उंच, मुरमाचा, लालसर. त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यात समाधी होती. जुनीच पिंड, जुनाच नंदी. माझी फरशी काढताना एका कोपऱ्याला तडकली होती, तशीच बसवली होती. मी समोरचा फोटो काढला. डावा, उजवा काढला. मग मागं गेलो.

पेटी होती. जुनीच. गंज ओळखण्यात मी फसत नाही. तळाशी खाऊन गेलेली, दाराची एक बिजागरी गेलेली आणि तिथं तार पिळलेली. जिथं पेटीचा खिळा होता तिथून चुन्यावर गंजाचा ओघळ आला होता. म्हणजे अण्णांनी अप्पांना हलवलं आणि मागोमाग त्यांची पेटीही. मी खुळ्यासारखा बघत राहिलो, फोटो काढायचं विसरून. एवढ्यात लाइट आली. पेटीत खट् असा आवाज झाला आणि गुणगुण सुरू झाली. तोल जाऊ नये म्हणून मी चौथऱ्याला हात टेकला होता. ती गुणगुण दगडातून हाताला लागत होती. लांब कुठंतरी पाणी पडायला लागलं.

फोटो काढले. पाया पडलो का ते सांगत नाही.

जाताना घरावरून गेलो नाही, सरळ फाट्यावर येऊन एसटी धरली. कुणाला वाटेल, भांडण मिटलं. मिटलेलं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे, बोलवायला पाहिजे होतं. मशीनवाला दुपारपर्यंत थांबत होता तर संध्याकाळपर्यंत थांबला असता. थांबवायचं कसं ते मला येतं, अण्णांना येत नाही. आणि खुरपं घेऊन उतरायचं होतं तर दोघांनी उतरायचं होतं. ते त्यांनी एकट्यानं केलं. ते मला आता कोणत्याही भावात मिळणार नाही.

पांढरं खोकं मी काढून टाकलं. भरावाच्या पायथ्याला सरकवायची गरज उरली नाही. खरी जिथं आहे तिथंच नवी मांडली, मागच्या बाजूला पेटी, पेटीखाली गंजाचा ओघळ. म्होरक्यानं भाग बघितला.

"काका, ती पेटी सुचली कशी?"

"सुचली नाही. आहे."

"एवढं बारीक कुणी करत नाही," तो म्हणाला. मला ते आवडलं नाही, का ते कळलं नाही.

जुन्या जागेवर आता खडी आहे. खेळातली खडी म्हणजे एकच फोटो पुन्हा पुन्हा जोडलेला असतो, मैलोन्मैल तोच. मी त्या भागात गाडी नेली की जागा शोधायचा प्रयत्न करतो. इथं असेल, तिथं असेल. जुना नकाशा शेजारी उघडल्याशिवाय मलाही सापडत नाही, आणि ती मी मांडलेली आहे.

एका दुपारी गोडाऊनमध्ये गिऱ्हाईकाशी चौकटीवरून वाजलं होतं, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. उचलला.

"झालं का तुजं चित्र?"

"झालं."

"दिसतंय का गाडीतनं?"

"पाठ दिसते."

"मंग पेटी बी दिसत असंल."

"दिसते."

"झाकन लावलेलं का उगडं?"

मला बघून सांगावं लागलं नाही. "लावलेलं."

"मंग बरं. उगडं ऱ्हायलं की पानी जातंय आत."

त्यांनी फोन ठेवला. आमच्या खेळातही पाऊस पडतो. छपरातून, भिंतीतून, सगळ्यातून आरपार पडतो, आणि भिजत काहीच नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.